आधी सांगितलं नाही, म्हणून हे पत्र

दांडिया बाजार, वडोदरा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी पहिल्याच वाक्याला 'आधी का नाही विचारलंस?' म्हटलं असतं, आणि आईनं फोन ओढून घेऊन 'जेवलीस का?' विचारलं असतं, म्हणून लिहितेय. तीन आठवड्यांपूर्वी मी दोन्ही पोटऱ्यांच्या फुगलेल्या शिरा (व्हेरिकोज व्हेन्स) बंद करायची इंजेक्शनं घेतली. ठणठणीत आहे, शाळेत जातेय, पोळ्यासुद्धा मीच लाटतेय.

वर्षभर शेवटच्या तासाला पाय जड व्हायचे, रात्री गोळे यायचे. नुसत्या निळ्या जाळ्या असत्या तर साडीखाली झाकल्या असत्या. (बरं, थोडं दिसण्याचंही होतं.) तुम्हाला कळवलं असतं तर आई दुसऱ्या दिवशी डबे भरून इकडे आली असती आणि पुन्हा माझ्या ओट्याशी उभी राहिली असती. बाळंतपणात उभी राहिलीस तेवढं पुरे.

बाबा, तुमचा प्रश्न मला पाठ आहे: शीर बंद केल्यावर रक्त जाणार कुठून? मीही तोच विचारला. त्या शिरांतल्या झडपा आधीच निकामी झालेल्या, रक्त वर चढायच्या ऐवजी खाली साचत होतं. औषधानं शिरेचं आतलं अस्तर दुखावतं, भिंती एकमेकींना चिकटतात, रक्त शेजारच्या धडधाकट शिरांनी वर जातं आणि बंद पडलेली शीर हळूहळू विरून जाते. औषधाचं नाव पॉलिडोकॅनॉल. एका जाड शिरेसाठी डॉक्टरांनी दोन सिरिंजा तोटीनं जोडून औषध आणि हवा इकडून तिकडे ढकलली, पांढराशुभ्र फेस होईपर्यंत. आई, मी टेबलावर पडल्या पडल्या हसले. अगदी तुझं ताक! सुई मुंगी चावल्यासारखी, भूल नाही, अर्ध्या तासात मोकळी. लगेच चालायला लावलं, म्हणून घट्ट मोजे चढवून सुरसागरच्या काठानं फेरी मारली.

लपवत नाही. एका पोटरीवर तपकिरी रेघ उमटलीय, जायला काही महिने लागतील. आणखी एकदा टोचून घ्यावं लागेल, आणि पुढे नव्या शिरा फुगणारच नाहीत असं कोणी लिहून देत नाही.

आता आई, तुझं. चौथीत नकाशा पाठ करताना मी तुझ्या पोटरीवरून बोट फिरवायचे, आठवतं? मोठी निळी ती नर्मदा, वळणाची शिप्रा, आणि घोट्याजवळच्या बारीक जाळीला तू स्वतःच 'ही आपली इंदूरची खान' म्हणायचीस. दिवाळीत त्या खानेजवळची कातडी काळपट, कडक झालेली पाहिली. तू पायमोजे ओढलेस, मीही गप्प बसले. ते मनातून जात नाही.

तर शनिवारी सकाळी अकराला तुझ्या पायांच्या डॉपलर तपासणीची वेळ घेतलीय. घेतलीच आहे, विचारत नाहीये. पोटाची सोनोग्राफी करतात तसंच जेल लावून बघतात, टोचत नाहीत. कदाचित तुला इंजेक्शन लागणारही नाही. मुख्य शीर बिघडली असेल तर लेझर सुचवतील. ते तिथे बसून ठरवू, तुझ्या मनाविरुद्ध काही नाही.

तोवर ऐक. माझ्यासारखे मोजे परस्पर विकत आणू नकोस. तुला साखर आहे, आधी पायातल्या धमन्यांचा रक्तपुरवठा तपासावा लागतो. तेल रगडणं बंद. कणीक स्टुलावर बसून मळ. झोपताना पायांखाली उशी, दिवसा टाचा वर-खाली. फुगलेल्या शिरेतून कधी रक्त आलंच तर आडवी हो, पाय उंच धर, फडक्यानं घट्ट दाबून ठेव. आणि एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर माझी वाट न बघता दवाखाना. बाबा, हे तुमच्यासाठीही लिहितेय, कारण ती सांगणार नाही.

शुक्रवारी रात्रीच्या अवंतिकेनं निघते. बाबांनी स्टेशनवर यायचं नाही, रिक्षानं येईन. रामबागेत शिरताना पोहे-जिलबी घेऊनच येते, म्हणजे आई सकाळी गॅससमोर उभी राहणार नाही. आई, मला रागवायचंच असेल तर बसून रागव.

तुमची,
ठमी