चौकातला अपघात : कोण कोणत्या लेनमध्ये उभा होता, हे लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चौकात दोन वाहनांची धडक झाली की फिर्यादीत एक वाक्य ठरलेले असते : ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, अविचाराने व हयगयीने, भरधाव वेगात वाहन चालवून...’ दुसऱ्या दिवशी बातमीतही तेच उतरते. सिग्नल नुकताच सुटलेला असतो, गाड्या पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असतात, तरीही शब्द ‘भरधाव’ हाच पडतो. मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून मी नाशिकच्या गॅरेजांमधून ठोकलेल्या गाड्या तपासत आलो. सिग्नलच्या चौकातल्या बहुतेक धडका वेगाने नव्हे, चुकीच्या लेनमधून वळल्याने होतात असे माझे ठाम मत आहे. आणि लेनची नोंद कागदावर जवळजवळ कधीच सापडत नाही.

नेहमी दिसणारा प्रकार सांगतो. कारवाल्याला उजवीकडे वळायचे असते, पण डाव्या लेनमध्ये पुढे जागा मोकळी दिसते म्हणून तो तिथे जाऊन उभा राहतो. त्याच्या उजवीकडच्या लेनमध्ये सरळ जाणारी स्कूटर असते. सिग्नल सुटतो, कार स्कूटरच्या पुढ्यातून उजवीकडे कापते आणि स्कूटर कारवर आदळून पडते. लगेच गर्दी जमते आणि निवाडा होतो : स्कूटरने मागून ठोकले, मागच्याने अंतर ठेवायला हवे होते. एका शिक्षिकेच्या बाबतीत हेच झाले. पाय मोडून त्या रुग्णालयात होत्या, कारवाला मात्र जागेवर होता. साहजिकच कागदावर त्याचेच म्हणणे उमटले.

गाड्या मात्र वेगळे सांगत होत्या. कारचा मागचा बंपर कोरा होता. मार होता तो उजव्या पुढच्या फेंडरवर आणि ड्रायव्हरच्या दारावर. दारावरचा ओरखडा फेंडरकडून सुरू होऊन मागच्या बाजूला विरत गेला होता, म्हणजे त्या क्षणी कार स्कूटरपेक्षा जोरात पुढे सरकत होती. स्कूटरचा डावा आरसा तुटलेला, डाव्या हँडलच्या टोकाचे रबर घासलेले, आणि त्याच रबराचा काळा ठसा कारच्या दारावर बरोबर तेवढ्याच उंचीवर. मागून येऊन ठोकणाऱ्या स्कूटरचा पुढचा मडगार्ड आणि हेडलाइट आधी जातो. इथे दोन्ही शाबूत होते. स्कूटर कारच्या बरोबरीने, उजव्या अंगाला चालली होती आणि कार तिच्यावर आली, एवढे त्या दोन गाड्यांवरून स्पष्ट वाचता येत होते. पंचनाम्यात यातले काय होते? ‘कारच्या उजव्या बाजूस नुकसान’, एवढेच.

नियम काही नवा नाही. डावीकडे वळायचे तर डाव्या कडेला राहायचे, उजवीकडे वळायचे तर आधीच रस्त्याच्या मध्याकडे यायचे, हे १९८९ च्या विनियमांत होते आणि ते बदलून २०१७ मध्ये आलेल्या वाहनचालन विनियमांतही आहे. डाव्या लेनमधून उजवीकडे वळणाऱ्याने बाजूच्या सरळ जाणाऱ्याची वाट अडवली, तर दोषाचा मोठा वाटा त्याचाच. इंडिकेटर दिला होता, हा त्यावर बचाव होऊ शकत नाही. इंडिकेटरने तुमचा इरादा कळतो, दुसऱ्याची वाट तुमची होत नाही.

दुचाकीवाल्यांनाही मी मोकळे सोडणार नाही. डावीकडे वळण्यासाठी इंडिकेटर लावून उभ्या असलेल्या बसच्या आणि फुटपाथच्या फटीत स्कूटर घालायची आणि सिग्नल सुटताच सरळ निघायचे, हा प्रकार जिवावर बेतणारा आहे. अशा वेळी दोष दोघांत वाटला जातो, कारण डावा आरसा बघणे हे बसचालकाचेही काम आहे. दावा न्यायाधिकरणाने जखमीचा वाटा ३० टक्के धरला, तर १० लाखांच्या भरपाईतले ३ लाख जातात. मागे बसलेल्या व्यक्तीच्या भरपाईतून मात्र अशी कपात होत नाही. तिने लेन निवडलेली नसते. दोन चालकांची चूक असेल तर ती पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे. चालवणारा घरचाच असला की अनेक कुटुंबे मागे बसलेल्याचा दावाच करत नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

‘चुकीच्या लेनमध्ये होता ना, मग चूक त्याचीच’ हेही मला मान्य नाही. एका दुचाकीवर तिघे बसले होते म्हणून भरपाईत केलेली कपात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये रद्द केली. नियम मोडला एवढे पुरत नाही, त्या नियमभंगामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली हे दिसले पाहिजे, असे त्यामागचे तत्त्व आहे. तेच लेनला लावा. लाल सिग्नलला चुकीच्या लेनमध्ये थांबलेल्या स्कूटरला मागून टेम्पोने उडवले, तर तिथे लेनचा काय संबंध? पण तीच स्कूटर डाव्या वळणाच्या लेनमधून सरळ निघून बसखाली आली, तर लेनचाच संबंध. हा फरक करायचा तर कोण कुठे उभा होता हे आधी ठाऊक हवे.

ते लिहून घेण्याची सोय कायद्यात आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार मृत्यू किंवा इजा झालेल्या अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे पाठवायचा असतो. घटनास्थळाची छायाचित्रे घ्यायची असतात, रस्त्याची रुंदी आणि वाहनांच्या जागा दाखवणारा प्रमाणबद्ध नकाशा काढायचा असतो. त्या नकाशात लेनच्या रेषा, स्टॉप लाइन, प्रत्येक लेनवरचा बाण आणि पुढच्या चाकांचा रोख दाखवायला कितीसा वेळ लागतो? प्रत्यक्षात चौकासाठी एक फुली आणि गाड्यांसाठी दोन चौकोन काढलेले नकाशे मी पाहिले आहेत. त्यावरून कोणताही न्यायाधीश लेन ठरवू शकणार नाही.

बाण दिसत नसेल, तर तेही नकाशावर यावे. द्वारका चौकाचेच पाहा. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता तिथे मिळतो, त्यामुळे बाहेरगावचे ट्रकचालक सतत येतात. त्यांना शहराची सवय नसते, त्यांचा सगळा भरवसा रस्त्यावरच्या बाणावर. असा बाण पावसाळ्यात झिजून गेला, किंवा स्टॉप लाइनच्या इतका जवळ काढला की पुढच्या दोन गाड्यांखाली झाकला गेला, तर सगळा दोष चालकावर ढकलणे अन्याय आहे. रस्त्याची रचना आणि देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न ठेवल्याने कोणी दगावले किंवा अपंग झाले, तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंडाची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ म्हणून आली आहे. पण पुसट बाणाचा उल्लेखच कुठे नसेल, तर ते कलम लावणार कशाच्या आधारावर?

वाचकांना एक विनंती. गाड्या बाजूला घेण्यापूर्वी, जखमीला मदत मिळाली आहे हे पाहून, थोडे मागे जा आणि स्टॉप लाइन, बाण व दोन्ही गाड्या एकाच चौकटीत येतील असा फोटो काढा. लोक चेपलेल्या पत्र्याचा जवळून फोटो काढतात. पत्रा नंतर गॅरेजमध्येही बघता येतो, गाडीची जागा एकदा हलली की गेली.

आपल्या वार्ताहरांनीही चौकातल्या अपघाताची बातमी देताना कोणते वाहन कोणत्या लेनमधून कुठे वळत होते, हे पोलिसांना विचारावे. पोलीस आयुक्तालयाकडे माझी मागणी आहे की, सिग्नलवरच्या कॅमेऱ्याचे चित्रण पहिल्या अहवालासोबतच जपून ठेवण्याचा आदेश काढावा. जखमीचे नातेवाईक रुग्णालयाच्या धावपळीतून मोकळे होऊन ते मागायला जातात, तोवर ते पुसले गेलेले असते.

आपला,
एक निवृत्त मोटार विमा सर्व्हेअर,
इंदिरानगर, नाशिक