वारं गेलेल्या माणसांचा हिशेब

मा. प्रकाशराव आबिटकर साहेब,
सार्वजनिक आरोग्यमंत्री तथा पालकमंत्री, कोल्हापूर

स. न. वि. वि.

मी आपल्याच मतदारसंघातला, भुदरगडचा. गेल्या श्रावणात माझ्या चुलत्यांच्या अंगावरून वारं गेलं. पहाटे साडेपाचला म्हशीची धार काढून उठताना डाव्या हातातली किटली सुटली. दूध गोठ्यात सांडलं आणि काकू ओरडली ती दुधासाठी. तोंड वाकडं झालेलं तिला नंतर दिसलं. मग तेल चोळून झालं, शेजारच्या गावात लकव्याचं औषध देणारा एक आहे त्याला फोन झाला, आणि चांगलं उजाडल्यावर गाडी निघाली. पहिल्या दवाखान्यात सिटी स्कॅन नव्हता, चिठ्ठी देऊन पुढं पाठवलं. कोल्हापुरात स्कॅन होईतो साडेअकरा वाजले. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या लक्षणापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. काकांची वेळ दहालाच संपली होती.

चौथ्या दिवशी 'घरी न्या, सेवा करा' म्हणाले. कागदावर चुलतभावाची सही घेतली: नातेवाइकांच्या विनंतीवरून डिस्चार्ज. नवव्या दिवशी काका गेले. ग्रामपंचायतीत मृत्यूचं कारण लागलं 'वृद्धापकाळ'. वय ६१.

म्हणजे साहेब, काका भरती झाल्याचा आकडा सरकारकडे आहे, गेल्याचा नाही. रुग्णालयाच्या वहीत तर ते जिवंतच घरी गेले.

दरवर्षी २९ ऑक्टोबरला, जागतिक पक्षाघात दिनी, 'रुग्ण वाढले' अशी बातमी येते. वाढले म्हणजे काय झालं? बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडणारे वाढले, की पूर्वी घरातच अंथरुणाला खिळणारे आता १०८ बोलावून दवाखान्यात पोचायला लागले? पहिलं असेल तर आपल्या खात्याची हार, दुसरं असेल तर जीत, आणि आकडा दोन्हीकडे तोच. मृत्यू घटल्याचंही तसंच. उपचार सुधारले असतील, किंवा माणसं शेवटचे चार दिवस घरी पाठवली जात असतील. म्हणून रुग्णालयातले मृत्यू मोजून भागत नाही, भरतीपासून तिसाव्या दिवशी माणूस आहे का, हे बघावं लागतं. आशाताई गावात असतेच; तिला एक फोन पुरे.

त्यात आपल्या जिल्ह्याची गंमत वेगळी. चंदगडचा रुग्ण जवळ पडतं म्हणून बेळगावला जातो, तो कर्नाटकच्या हिशेबात. सिंधुदुर्गातला घाट चढून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात येतो, तो आपल्या. शिवाय सीपीआर वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आणि ग्रामीण रुग्णालयं आपल्याकडे. ते खातं कागलच्या मुश्रीफ साहेबांकडे. दोन्ही मंत्री एकाच जिल्ह्यातले असा योग रोज येत नाही. दोन वह्या एका टेबलावर ठेवायला मुंबईची गरज नाही.

आणखी एक. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मेंदूतल्या रक्तस्रावाला आय-६१, गुठळीला आय-६३ आणि 'यातलं कोणतं ते ठरलं नाही' याला आय-६४ असा क्रमांक आहे. ज्या रुग्णालयात आय-६४ जास्त, तिथं स्कॅन होत नाही किंवा केसपेपर धड लिहिला जात नाही. एवढं कळायला समिती नेमायला नको.

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे हे आम्हाला तासातासाला मोबाइलवर कळतं. ३९ फूट इशारा, ४३ धोका, शाळेतलं पोरगंसुद्धा सांगेल. तसंच तालुकावार, दर महिन्याला जाहीर करा: वारं गेलेले किती आले, पहिलं लक्षण दिसल्यापासून किती तासांनी आले, किती जणांचं स्कॅन झालं, इंजेक्शन किती जणांना मिळालं आणि महिन्यानं किती उरले. आकडे वाईट निघतील. निघू देत.

काकांच्या नोंदीतलं कारण दुरुस्त करून मिळावं म्हणून मी ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय. ग्रामसेवक म्हणाले, मृत्यूच्या वेळी हजर असलेल्या डॉक्टरांचा दाखला आणा. काका गेले तेव्हा घरात काकू होती, आणि मी.

आपला,
भुदरगड तालुक्यातील एक मतदार