अबायडॉस पाहिल्यानंतर मित्रास पत्र

लक्झर, इजिप्त

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

लक्झरला पोहोचलो की लिहीन, असे तुला कबूल केले होते. कर्नाकविषयी आणि राजांच्या दरीविषयी तू पुष्कळ वाचले आहेस, म्हणून ते सगळे बाजूला ठेवतो आणि काल गाईडबरोबर पाहिलेल्या अबायडॉस व देंदेरा या दोन मंदिरांविषयीच लिहितो. तुझ्यासारख्या आयुष्यभर छिन्नी हाती धरलेल्या माणसाने अबायडॉस पाहिलेच पाहिजे, असे मला आता अगदी मनापासून वाटते.

अबायडॉस इथून सुमारे १६० किलोमीटरवर आहे आणि देंदेरा त्याच वाटेवर, साधारण ६० किलोमीटरवर. भल्या पहाटे निघून आधी लांबचे अबायडॉस गाठायचे आणि परतताना देंदेरा पाहायचे, असे आमच्या गाईडने ठरवले आणि ते फार योग्य झाले, कारण अबायडॉसला ताज्या डोळ्यांनीच जायला हवे. वाटेत नाग हम्मादीच्या परिसरात दोन्ही बाजूंना उसाचे फड लागतात आणि कारखान्याकडे ऊस नेणारे अरुंद रूळ शेतांमधून गेलेले दिसतात. त्यापलीकडे रस्त्यात विशेष काही नाही.

अबायडॉस हे मृतांच्या देवाचे, ओसायरिसचे, मुख्य क्षेत्र. तिथले मोठे मंदिर पहिल्या सेतीने, म्हणजे इसवी सनापूर्वी १२९० च्या सुमारास गादीवर आलेल्या राजाने, बांधायला घेतले, आणि तो गेल्यावर त्याच्या मुलाने, दुसऱ्या रामसेसने, ते पूर्ण केले. बाप आणि मुलगा यांच्या कामातला फरक भिंतीवरच वाचता येतो. सेतीच्या कारागिरांनी बारीक पोताच्या चुनखडीत उठावशिल्प केले आहे: आकृतीभोवतीची सगळी जमीन छिलून काढायची आणि आकृती तेवढी वर ठेवायची. रामसेसच्या माणसांनी मात्र बाह्यरेषा खोल कापून आकृती दगडाच्या पातळीच्या आतच बसवली. हे काम लवकर उरकते आणि उघड्यावर, कडक उन्हात, सावलीमुळे उठूनही दिसते. पण पहिल्या स्तंभमंडपात, छताखालीसुद्धा, त्याने तीच पद्धत चालवली आणि ती पाहून दुसऱ्या मंडपात पाऊल टाकले की वेगळ्याच हातांचे काम सुरू झाल्याचे कुणी न सांगता कळते.

आत एका ओळीत सात गाभारे आहेत: होरस, आयसिस, ओसायरिस, आमून-रा, रा-होराख्ती, प्ताह आणि सातवा खुद्द सेतीचा. काही ठिकाणी लाल, निळे आणि पिवळे रंग इतके टवटवीत आहेत की त्यांच्या वयावर विश्वास बसत नाही. मला मात्र जिथे रंग उडाला आहे, तिथली भिंत अधिक आवडली. गाईडने विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून प्रकाश आडवा टाकला, तेव्हा सेतीच्या तलम वस्त्राची एकेक चुणी वर आली, आणि त्या वस्त्राखालून मांडीची गोलाईही जाणवली. हा सगळा उठाव बोटाच्या पेरापेक्षाही कमी जाडीचा असेल. समोरून प्रकाश पडला की यातले निम्मेही दिसत नाही. चांगला गाईड सोबत असावा तो यासाठी. सनावळी काय, पुस्तकातही मिळते.

पुढे एका बोळात ती प्रसिद्ध राजावली आहे. सेती उभा आहे, पुढ्यात कुमारवयीन रामसेस हातात गुंडाळी घेऊन नावे वाचतो आहे, आणि समोर मेनी या आद्य राजापासून सुरू होणाऱ्या ७६ राजांची नावे ओळीने कोरली आहेत. आपल्याकडे श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह अशी नावे घेऊन पिंड देतात, तसेच इथेही नाव उच्चारून नैवेद्य पोहोचवायचा. म्हणूनच ज्यांची नावे गाळली त्यांचे काय, हा प्रश्न मनातून जाईना. स्वतः राज्य करणारी राणी हत्शेपसुत नाही, जुने देव बाजूला सारणारा अखेनातेन नाही, त्याच्यामागून आलेला तुतनखामेनही नाही. सेतीचा बाप राजघराण्यात जन्मलेला नव्हता. आपली गादी थेट आद्य राजांशी जोडण्याची गरज या नव्या घराण्याला होती आणि नकोशी नावे त्यात अडचणीची ठरली असणार. इतकी सुंदर भिंत आणि इतका निष्ठुर हेतू एकाच दगडात आहेत, याचे मला राहून राहून वाईट वाटले.

मंदिरामागे ओसायरिऑन नावाची खोलगट वास्तू आहे. प्रचंड ग्रॅनाइटचे खांब आणि पायथ्याशी साचलेले भूजल. ती वरूनच पाहिली.

देंदेराचे हाथोर देवीचे मंदिर त्यामानाने फार अलीकडचे, टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजांच्या आणि रोमन काळातले. दर्शनी मंडपाच्या २४ खांबांच्या माथ्यावर चारही बाजूंनी गाईचे कान असलेल्या हाथोरचे मुख आहे. त्यांपैकी बरीच मुखे पुढच्या काळात छिन्नीने विद्रूप केलेली आहेत. छतावरची काजळी काढल्यामुळे निळा रंग आता स्वच्छ दिसतो, आणि संध्याकाळी सूर्य गिळून सकाळी त्याला पुन्हा जन्म देणारी नूत देवी पूर्ण लांबीने पाहता येते. नववर्षाला देवीची मूर्ती सूर्यकिरणांच्या भेटीसाठी गच्चीवर नेत, आणि ती मिरवणूक जिन्याच्या भिंतींवर कोरलेली आहे, त्यामुळे आपण जणू पुजाऱ्यांच्या बरोबरीनेच पायऱ्या चढतो. वरच्या एका खोलीत राशिचक्र आहे, म्हणजे त्याची प्रतिकृती. मूळ शिळा १८२१ मध्ये करवत आणि सुरुंगाची दारू वापरून काढली गेली आणि आज ती पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे. मेष, वृषभ, सिंह मला चटकन ओळखता आले. मकर मात्र शेळीच्या तोंडाचा आणि माशाच्या शेपटीचा आहे. ती शिळा परत यायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तू येशील तेव्हा थंडीत ये, आणि अबायडॉसला निदान तीन तास मिळतील असे गाईडशी आधीच ठरवून घे. आम्हाला दोनच मिळाले आणि ते अपुरे पडले. मोठी विजेरी आणि रेखाटनाची वही विसरू नकोस. मला तुझ्याकडून एक समजून घ्यायचे आहे: चुनखडीत इतका पातळ उठाव ठेवताना पार्श्वभूमी एकसारख्या पातळीत उतरवायची कशी, आणि एका हाताला अशा एका आकृतीसाठी किती दिवस लागत असतील? सविस्तर कळव. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
माधव