रक्तदाब नुसता रक्तातून येत नाही

महोदय,

शिकागोला लेकीकडे होते तेव्हा शेजारच्या कृष्णवर्णीय आजी रोज सकाळी दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजायच्या, आकडा वहीत टिपायच्या. ‘आमच्या रक्तातच आहे हे,’ म्हणायच्या. मी परिचारिका होते. मला ते पुरतं पटलं नाही.

१९९७च्या एका मोठ्या पाहणीत आफ्रिकी वंशाच्या लोकांपैकी पश्चिम आफ्रिकेत १६, कॅरिबियन बेटांवर २६ आणि अमेरिकेत ३३ टक्के जणांना उच्च रक्तदाब आढळला. पूर्वज त्याच मुलखातले, मग हा फरक कुठून आला? वजन, मीठ, राहणीमान यांतूनच ना?

जनुकांचा वाटा आहेच. एपीओएल१ या जनुकाची दोन रूपं निद्रारोगाच्या, म्हणजे माशीच्या चाव्यातून पसरणाऱ्या एका आफ्रिकी आजाराच्या, परजीवीपासून बचाव करतात, म्हणून पश्चिम आफ्रिकेत ती टिकली, पसरली. पण आई आणि वडील दोघांकडूनही यांतलं एकेक रूप आलं, तर मूत्रपिंड बिघडण्याचा धोका बराच वाढतो, आणि बिघडलेलं मूत्रपिंड रक्तदाब चढवतं. २०१०मध्ये हे उजेडात येईपर्यंत कित्येकांना ‘रक्तदाबानं किडनी गेली’ एवढंच सांगितलं जायचं. या जनुकाची चाचणी आज होते. त्या आजींना मात्र कुणी तिचं नावही सांगितलं नव्हतं.

– एक निवृत्त परिचारिका, सांगली