बारा इंची टीव्ही आणि माझ्या हातातून काढून घेतलेला प्लग

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

वडिलांचा बारा इंची कृष्णधवल पोर्टेबल टीव्ही पुन्हा सुरू झाल्याचे आपण स्वतः पाहिलेच आहे. तरीही हे पत्र उघडपणे लिहीत आहे, कारण जुना संच माळ्यावरून काढून धूळ झटकून थेट प्लग लावणारे माझ्यासारखे लोक पुष्कळ असतील आणि त्या सगळ्यांच्या शेजारी आपण राहत नाही.

“किती वर्षं बंद आहे?” एवढेच आपण विचारलेत आणि मी “सतरा” म्हणताच प्लग माझ्या हातातून काढून घेतलात. खरे सांगायचे तर तेव्हा मला थोडा रागच आला होता. इतकी वर्षे पडून राहिलेल्या संचातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (आत ओलसर द्रव असलेले, वीज साठवणारे भाग) सुकलेले असतात, एखादा शॉर्टही झालेला असतो आणि त्याच्यापायी ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, हे मला नंतर कळले. आपण ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे टीव्हीकडे जाणारी वीज त्यातूनच जाईल असा जोडलात; आत शॉर्ट असता तर तो पूर्ण उजळत राहिला असता. तो क्षणभर उजळून मंदावला, तेव्हा कुठे आपण स्टुलावर बसलात.

पडद्यावर मधोमध एकच आडवी पांढरी रेघ आली. त्या जागचा फॉस्फर (पडद्याचा आतला प्रकाशणारा लेप) जळू नये म्हणून आपण आधी ब्राइटनेस उतरवलात आणि मग म्हणालात, “रेघ दिसतेय म्हणजे ट्यूब आणि ईएचटी जिवंत आहे, नुसतं व्हर्टिकल गेलंय.” ईएचटी म्हणजे पिक्चर ट्यूबला लागणारा उच्च दाब आणि व्हर्टिकल म्हणजे चित्र वर-खाली पसरवणारा भाग. एका दुकानात हाच संच न उघडता भंगारात द्यायला सांगितले होते.

प्लग काढल्यावरही आपण मला आत हात घालू दिला नाहीत, त्याबद्दल मी आपला सर्वाधिक ऋणी आहे. हा संच बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चालतो, तेव्हा आत भीतीदायक काही नसेल, असा माझा समज होता. पण ट्यूबच्या रबरी टोपीखाली दहा हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि ट्यूबची काच स्वतःच कपॅसिटरसारखी तो धरून ठेवते. एक-एक मेगओमचे दहा रेझिस्टर एकामागोमाग जोडून, त्यांवर जाड नळी चढवून आपण केलेली ती सळई मला आजही डोळ्यांसमोर दिसते. तिची क्लिप ट्यूबच्या पाठीवरच्या अर्थच्या जाळीदार पट्टीला लावलीत, डावा हात पाठीमागे नेलात आणि टोक टोपीखाली सरकवलेत. दहा मिनिटांनी पुन्हा तेच केलेत, कारण काचेत मुरलेला चार्ज हळूहळू परत वर येतो. ट्यूबची मान बारीक असते, तिला धक्का लागला तर ट्यूब जाते, म्हणून संच उचलतानाही आपण मला दोनदा टोकलेत.

तापकीर गल्लीतून आणलेला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर व्हर्टिकलच्या भागात सुकलेल्याच्या जागी बसवूनही चित्र अधूनमधून मिटतच होते. मी त्या भागाचा नवा आयसी (चिप) आणायला निघालो होतो. आपण भिंग मागितलेत आणि योकच्या (ट्यूबच्या मानेवरच्या, चित्र पसरवणाऱ्या गुंडाळीच्या) कनेक्टरच्या एका पिनेभोवती, सोल्डरच्या डागाच्या कडेला, केसाएवढी गोल चीर दाखवलीत. जुने शिसे ओढून काढून नव्याने डाग दिला आणि चित्र स्थिरावले. मी दोन रात्री ज्या बोर्डाकडे पाहत होतो त्यातच ती चीर होती, याची मला अजून लाज वाटते.

दूरदर्शनची अॅनालॉग प्रक्षेपणे २०२२ पर्यंत जवळपास सगळीच बंद झाली, त्यामुळे संचाची लांब अँटेना आता केवळ शोभेची उरली आहे. आपण सुचवल्याप्रमाणे सेट-टॉप बॉक्सला मॉड्युलेटर (त्याचे चित्र जुन्या टीव्हीच्या चॅनेलवर आणणारी डबी) जोडून बातम्या लावतो. आईने पहिल्या दिवशी सवयीने अँटेना खिडकीकडे वळवली होती.

सुकलेला तो कपॅसिटर मी डबीत ठेवला आहे आणि आपली सळई रविवारी परत आणून देतो. चित्राच्या वरच्या दोन-चार ओळी अजून किंचित दुमडतात. त्यासाठी मात्र आपण येईपर्यंत मी मागचे झाकण उघडणार नाही.

आपला कृतज्ञ,
खालच्या मजल्यावरचा शेजारी