पिवळा दिवा विझवण्याआधी तो काय सांगतोय ते लिहून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाडीच्या मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो, चेक इंजिन लाइट म्हणतात त्याला, त्याच्याबद्दल हे पत्र आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर असे तीन महिने तो आमच्या गाडीत लागत होता, कोणीतरी विझवत होतं आणि तो परत लागत होता. चार ठिकाणी गाडी दाखवली, एक लाख अडतीस हजाराचं एस्टिमेट हातात आलं, आणि शेवटी निघालं काय तर मुठीत मावेल एवढा एक पार्ट. माझ्यासारखे रोज वाकडहून हिंजवडीला डिझेल गाडी घेऊन जाणारे खूप लोक आहेत, त्यातल्या कितीतरी जणांच्या मीटरमध्ये आत्ताही हा दिवा लागलेला असेल, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आमची गाडी २०२१ची, बीएस-६ डिझेल, म्हणजे भारत स्टेज-६ ह्या प्रदूषणाच्या नियमांतली. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं तेव्हा डिझेल कारच्या धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून थेट ४.५ मिलिग्रॅमवर आली, आणि ती पाळायची तर सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ लागतो, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर. पण हा फिल्टर एअर फिल्टरसारखा काढून झटकता येत नाही. काजळी साठली की गाडी स्वतःच थोडं जास्तीचं डिझेल मारून सायलेन्सर सहाशे अंशांच्या आसपास तापवते आणि आतली काजळी जाळून टाकते, ह्याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं तरी सलग आणि बऱ्यापैकी वेगात चालायला लागते. आता वाकड ते हिंजवडी सकाळी साडेनऊला सलग पंधरा मिनिटं चाललेली गाडी कोणी पाहिली असेल तर मला सांगा. सहा-सात किलोमीटर, पाऊण तास, पहिला-दुसरा गिअर. म्हणजे साफसफाई सुरू होते आणि मध्येच ऑफिस येतं, गाडी बंद. हे सगळं मला गाडी घेताना शोरूममध्ये कोणी सांगितलं नव्हतं, तेव्हा फक्त किती रनिंग आहे एवढं विचारलं होतं आणि मी पण सांगून मोकळी झाले होते.

ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा गाडी व्यवस्थित चालत होती, आवाज नाही, धूर नाही, पिकअप ठीक. ऑफिसच्या वाटेवर एक गॅरेज आहे तिथे थांबले. मुलाने स्कॅनर स्टिअरिंगखालच्या पोर्टला लावला, स्क्रीनवर बिघाडाचा कोड, म्हणजे नंबर आला, म्हणाला मॅडम सेन्सरचा किरकोळ इश्यू आहे, कोड पुसून दिवा उडवून टाकला, पाचशे रुपये. माझा मुलगा बरोबर होता, अकरावीत आहे, त्याने सहज म्हणून त्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. त्या फोटोची किंमत आम्हाला दोन महिन्यांनी कळली.

चार दिवसांनी दिवा परत लागला. हे असं का होतं तर बऱ्याचशा फॉल्टमध्ये गाडीचा कॉम्प्युटर लगेच दिवा लावत नाही, लागोपाठ दोन फेऱ्यांमध्ये तीच गोष्ट चुकीची दिसली की मग लावतो, त्यामुळे कोड उडवला की दोन-चार दिवस आपण खूश असतो, दुरुस्त काहीच झालेलं नसतं. मी परत गेले, परत उडवला, परत पाचशे. तिसऱ्यांदा लागला तेव्हा मी कंटाळून तसाच ठेवला, गाडी चालतेय ना मग बघू दिवाळीनंतर, असं केलं आणि ही चूक माझी, ती मी कबूल करते.

नोव्हेंबरमध्ये पीयूसी संपत होतं म्हणून सेंटरवर गेले. दिवा लागलेलाच होता. सायलेन्सरमध्ये नळी घातली, न्यूट्रलमध्ये दोन-चार वेळा ॲक्सिलरेटर दाबायला लावला, नंबर प्लेटचा फोटो काढला, पास. एक वर्षाचं सर्टिफिकेट हातात. मी त्या माणसाला विचारलं सुद्धा, अहो हा दिवा लागलाय तो चालतो का, तर म्हणाला ते आमच्याकडे येत नाही मॅडम, आमचं फक्त धुराचं. आणि तो खोटं बोलत नव्हता, त्याच्या मशीनला डिझेलच्या धुराचा काळेपणा तेवढा कळतो. डीपीएफ काजळीने गच्च भरला तरी काजळी आतच अडकलेली असते, बाहेर धूर स्वच्छच दिसतो. म्हणजे गाडी स्वतः ओरडून सांगतेय की माझी प्रदूषण रोखणारी यंत्रणा बिघडलीय आणि त्याच मिनिटाला सरकारी सर्टिफिकेट सांगतंय की प्रदूषण नियंत्रणात आहे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भूमकर चौकाच्या पुढे गाडीचा पिकअपच गेला, दोन हजारच्या वर आरपीएम जाईना, आणि चेक इंजिनच्या जोडीला डीपीएफचा दिवा पण लागला. मागे हॉर्नचा कल्लोळ, बाजूला सासूबाई, त्यांना फिजिओथेरपीला न्यायचं होतं. पुस्तिकेत लिहिलं होतं की डीपीएफचा दिवा लागला तर हायवेला वेगात फिरवून आणा, म्हणून रविवारी मी आणि मिस्टर लोणावळ्यापर्यंत जाऊन आलो. दिवा गेला नाही. मग सर्व्हिस सेंटर. तिथे सांगितलं डीपीएफ चोक झालाय, बदलावा लागेल, १ लाख ३८ हजार. मी विचारलं का चोक झाला, तर म्हणाले तुमचं सिटी रनिंग आहे मॅडम. मी विचारलं नवीन टाकला तर तो पण चोक होणार नाही का, तर त्याला उत्तर नव्हतं. जॉबकार्डवर कोडचा नंबर नव्हता, नुसतं इंग्रजीत लिहिलं होतं की दिवा लागतो, तपासला.

मधल्या काळात ओळखीतून एक जण भेटला, तो म्हणाला वीस हजारात डीपीएफ आतून मोकळा करून देतो, कॉम्प्युटरमध्ये रिमॅप मारतो, म्हणजे त्यातलं सॉफ्टवेअर बदलतो, दिवा आयुष्यात परत लागणार नाही, आणि पीयूसीला काही अडचण येत नाही, हे त्याने छातीठोकपणे सांगितलं. एक लाख अडतीस हजार समोर असताना वीस हजार ऐकले की माणूस विचार करतो, आम्ही पण एक रात्र विचार केला. पण आमच्या सोसायटीत दोन मुलं दम्याची औषधं घेतात, त्यातला एक माझा भाचा आहे. सकाळी स्कूल बसची वाट बघत ही पोरं गेटवर उभी असतात आणि गाड्या तिथूनच निघतात. ती काजळी त्यांच्या तोंडावर सोडून मी ऑफिसला जाऊ शकत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने जशी गाडी दिली त्यात असे फेरफार करता येत नाहीत, पण खरं सांगायचं तर आम्ही कायद्याला घाबरून नाही म्हटलं नाही.

मग थेरगावातले एक वयस्कर मिस्त्री भेटले, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांचा पहिला प्रश्न, ताई, सगळ्यात पहिला कोड कुठला होता? मला कुठलं माहिती असणार. मुलाने मोबाइल काढला आणि ऑक्टोबरचा तो फोटो दाखवला. पी ०१२८. काकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, हा सेन्सरचा कोड नाहीच, इंजिन हवं तेवढं गरम होत नाही असं गाडी सांगतेय. आज जो कोड आहे, पी २४६३, काजळी भरल्याचा, तो नंतर आलेला आहे, हा आजार पहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते स्कॅनर घेऊन माझ्या शेजारी बसले आणि आम्ही किवळेहून एक्सप्रेसवेला लागलो. चांगली थंडी होती. स्क्रीनवर कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान लाइव्ह दिसत होतं. वाकडमधून निघताना कसंबसं ७४ पर्यंत चढलं होतं. गाडी ८० च्या स्पीडला गेली तसं ते वाढायच्या ऐवजी उतरायला लागलं, ७१, ६८, ६५, आणि उर्से टोलनाका येईपर्यंत ६१. मी मीटरकडे बघतेय तर तिथे काहीच नाही कारण आमच्या गाडीत तापमानाचा काटाच नाही, थंड असताना एक निळा दिवा असतो तो गेला की आपण समजतो झालं गरम. काका म्हणाले थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडा अडकलाय, समोरून वारा लागला की सगळं पाणी रेडिएटरमधून फिरतंय. आणि इंजिन पुरेसं गरम नसेल तर कॉम्प्युटर रिजनरेशन सुरूच करत नाही किंवा मध्येच सोडतो. आम्ही लोणावळ्याला गेलो तेव्हा दिवा का गेला नाही ते मला तिथे उर्सेला कळलं, ज्या हायवेवर फिल्टर साफ व्हायला हवा होता तिथेच इंजिन सगळ्यात जास्त थंड पडत होतं.

गॅरेजमध्ये आल्यावर, इंजिन गार झाल्यावर त्यांनी तो थर्मोस्टॅट काढून माझ्या हातात दिला. पितळी चकती, मागे स्प्रिंग, मध्ये मेणाची एक कुपी असते, पाणी ऐंशीच्या वर तापलं की मेण फुगतं आणि चकती उघडते, गार झालं की स्प्रिंग तिला घट्ट बंद करते. आमची गार असूनही उघडी होती, कडेला माझं नख आत जाईल एवढी फट, आणि त्या फटीत तपकिरी गाळ बसलेला. काकांनी नवा थर्मोस्टॅट त्याच्या बाजूला ठेवला, तो एकदम बंद, उजेडाकडे धरला तरी पलीकडचं दिसत नव्हतं.

नवा बसवला, कूलंट भरलं, मग गाडी बाहेर मोकळ्या काँक्रीटवर उभी केली, आजूबाजूचा पालापाचोळा झाडून घेतला कारण सायलेन्सर भयंकर तापतो, आणि स्कॅनरवरून रिजनरेशन करायला लावलं. अर्धा तास इंजिन आपोआप रेसवर, पंखा जोरात, जळका वास, आणि स्क्रीनवर काजळीचा आकडा उतरत उतरत ११ टक्क्यांवर आला. मग डिपस्टिक काढून दाखवली, ऑइल वरच्या खुणेच्या पण वर गेलं होतं. मला आधी वाटलं बरंच आहे की, ऑइल कमी झालं नाही. त्यांनी वास घ्यायला लावला, डिझेलचा वास. साफसफाई सुरू करून करून अर्धवट सुटली की न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं, तसंच चालवत राहिलो असतो तर इंजिनाच्या बेअरिंगला धोका होता. ऑइल बदललं, डीपीएफच्या गाडीला चालतं तेच, कमी राख करणारं. सगळं मिळून बिल ९,४०० रुपये. त्याला आता काही महिने झाले, दिवा परत लागलेला नाही.

डीपीएफ खरंच संपलेला असू शकतो हे मला मान्य आहे, काजळी जळते पण ऑइलची राख जळत नाही, ती वर्षानुवर्षं साठत जाते आणि कधीतरी फिल्टर काढावाच लागतो. पेट्रोल गाडीत हाच दिवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा (सायलेन्सरच्या लाइनमधला, धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग), ऑक्सिजन सेन्सरचा किंवा नुसत्या टाकीच्या सैल झाकणाचा पण असतो. आणि दिवा लागून राहायच्या ऐवजी लुकलुकत असेल तर गाडी जास्त चालवूच नये, इंजिन मिसफायर होत असतं आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतो. पण ह्यातलं कुठलं आहे ते कोडवरून आणि त्या क्षणाच्या आकड्यांवरून शोधायचं असतं. कॉम्प्युटर कोडबरोबर तेव्हाचा वेग, आरपीएम, तापमान हे सगळं साठवून ठेवतो आणि कोड उडवला की ते पण पुसलं जातं. आमच्या गाडीत ते तापमान ऑक्टोबरमध्येच नोंदलेलं असणार, पाचशे रुपये देऊन आम्ही ते पुसून घेतलं.

म्हणून आपल्या पेपरमार्फत दोन मागण्या करते. पहिली गॅरेज आणि सर्व्हिस सेंटरवाल्यांना, कोड उडवायच्या आधी त्याचा नंबर बिलावर किंवा जॉबकार्डवर लिहून द्या, किलोमीटर आणि तारीख टाकून. ह्याला एक पैसा खर्च नाही. आरटीओने हे सक्तीचं करावं. आणि वाचकांनी, कोणी लिहून देत नसेल तर स्क्रीनचा फोटो काढल्याशिवाय बटण दाबू देऊ नका.

दुसरी मागणी परिवहन खात्याकडे, पीयूसीच्या वेळी हा दिवा बघा. माझी मावसबहीण न्यू जर्सीला आहे, तिकडे तपासणीत गाडीच्या पोर्टलाच मशीन जोडतात, दिवा लागलेला असेल तर गाडी नापास, आणि आदल्या दिवशी कोड उडवून आणला तर ते पण मशीनला कळतं कारण गाडीच्या स्वतःच्या चाचण्या तेवढ्यात पूर्ण झालेल्या नसतात, मग चालवून परत या म्हणतात. तसाच पोर्ट आपल्या बीएस-६ गाड्यांमध्येही दिलेला आहे. पीयूसीची माहिती तर आता ऑनलाइन सरकारच्या ‘वाहन’ नावाच्या पोर्टलवर जातेच, त्यात ही एक नोंद वाढवायची आहे. दिवा लागलेल्या गाडीला लगेच दंड करा असं मी म्हणत नाही, ज्याला दीड लाखाचं एस्टिमेट मिळालंय त्याच्यावर वरून दंड नको, पण महिनाभराची मुदत देऊन कोडसकट लेखी सांगा तरी. धूर स्वच्छ आहे म्हणून नोव्हेंबरमध्ये मला जे सर्टिफिकेट मिळालं ते अजून गाडीत आहे, आणि काढलेला थर्मोस्टॅट एका पिशवीत घालून मी त्याच्याच शेजारी ठेवलाय, ज्याला बघायचा असेल त्याला दाखवते. गेल्या आठवड्यात आमच्याच पार्किंगमधल्या एका गृहस्थांना दाखवला, त्यांच्या गाडीचा दिवा दसऱ्यापासून लागलेला आहे आणि तीन वेळा उडवून झालाय. ह्या रविवारी त्यांना काकांकडे घेऊन जातेय.

आपली नम्र,
एक वाचक, वाकड, पुणे