चांदीची पारख शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

मेटल डिटेक्टरने जमिनीतून निघालेल्या मातकट अंगठ्या, साखळ्यांचे तुकडे, दबलेली कडी हे सगळं तुमच्यासमोर आलं आणि तुम्ही दर वेळी हातातलं काम थांबवून ते पाहिलंत. चांदी आहे किंवा नाही, एवढं सांगून तुम्ही मोकळे होऊ शकला असता. पण पारख कशी करायची तेही तुम्ही शिकवलंत. त्याचे आभार मानायला हे पत्र. ते उघडं अशासाठी, की तुमची पद्धत इतर शोधणाऱ्यांच्याही हाती पडावी.

धातू कोणता असावा ते सुचवणाऱ्या डिटेक्टरवरच्या आकड्यावर जाऊ नका, हे तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत. बारीक चांदीची अंगठी अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्याइतकाच आकडा दाखवते आणि तांब्याचा जाड तुकडा चांदीचा आकडा दाखवतो. मग थर बघायचा, तोही न घासता, साध्या पाण्याने माती सोडवून. काळा थर चांदीच्या सल्फाइडचा असू शकतो, जांभळट-करडा मेणचट थर क्लोराइडचा. हिरवं पुट म्हणजे तांबं खरं, पण हिरवं दिसलं म्हणून वस्तू फेकू नका, हे तुम्ही बजावलंत. हलक्या कसाच्या चांदीतलं तांबं आधी गंजून वर येतं आणि खालची चांदी झाकून टाकतं.

भिंगाखाली 925, 900, 835 किंवा 800 (हजारात चांदीचे भाग किती) असा ठसा दिसला तर उत्तम. मात्र आकड्याचा ठसा खोटाही मारता येतो. ‘जर्मन सिल्व्हर’ किंवा ‘अल्पाका’ लिहिलं असेल तर ते तांबं, निकेल आणि जस्त, चांदीचा अंशही नाही. ‘ईपीएनएस’ म्हणजे त्याच धातूवर चांदीचा मुलामा. मुलामा कडांवर आणि अंगठीच्या आतल्या बाजूला आधी झिजतो, म्हणून तिथे पिवळट किंवा तांबूस रंग डोकावतो का ते बघायचं. लोहचुंबकाने फक्त लोखंड बाद होतं, पितळ आणि तांबं सुखरूप निसटतात. उलट अस्सल चांदीच्या साखळीच्या हुकात पोलादी स्प्रिंग असते, ती चिकटली म्हणून साखळी खोटी ठरत नाही.

सगळ्यात मोठे आभार पाण्याच्या चाचणीसाठी. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हवा. वस्तू आधी कोरडी तोलायची. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि वस्तू बारीक दोऱ्याने पूर्ण बुडेल अशी टांगायची. तळाला किंवा काचेला ती अजिबात टेकता कामा नये. आता काटा जे दाखवेल तेवढे ग्रॅम पाणी बाजूला सरलं. कोरड्या वजनाला त्याने भागायचं. 6.22 ग्रॅमच्या अंगठीवर काटा 0.60 दाखवत असेल तर घनता साधारण 10.37, म्हणजे 925 ची चांदी शोभून दिसते. त्याच अंगठीच्या नक्षीत हवेचा एक बुडबुडा अडकून काटा 0.65 वर गेला, की उत्तर 9.57 येतं आणि चांगली चांदी हिणकस वाटू लागते. म्हणून तुम्ही पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकायला आणि वस्तू बुडल्यावर दोरा हलकेच हलवायला सांगितलंत. इतक्या साध्या गोष्टीवर निकाल फिरतो, हे तुम्ही दाखवलं नसतं तर लक्षातही आलं नसतं.

2 ग्रॅमच्या वस्तूवर हा हिशेब डळमळतो: 0.19 ला 10.5, 0.20 ला 10, 0.21 ला 9.5. तेव्हा एकाच वजनावर भरवसा ठेवायचा नाही. खडा बसवलेली किंवा पोकळ वस्तू या चाचणीला चालतच नाही. शिसं आणि कथलाची मिश्रधातूही 10 च्या पुढे जाऊ शकते, पण ती मऊपणामुळे पकडली जाते.

आम्ल सगळ्यात शेवटी, हेही तुमचंच. आतल्या, न दिसणाऱ्या जागी कानशीने बारीक खाच पाडून नायट्रिक आम्लाचा एक थेंब. खाच नसेल तर थेंब फक्त मुलाम्याशी बोलतो. हिरवा फेस आला तर तांबं किंवा पितळ, दुधी-करडा डाग पडला तर चांदीची शक्यता. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा यांशिवाय बाटलीचं बूच काढायचं नाही, हा तुमचा दंडक योग्यच आहे. चांदीवर लाल रंग देणारं पोटॅशियम डायक्रोमेटचं द्रावण तर तुम्ही दुसऱ्यांच्या हाती दिलंच नाहीत, कारण ते कर्करोगकारक आहे. आणि वस्तू जुनी वाटली तर कानस, आम्ल, पॉलिश यांतलं काहीच नाही. ती तशीच जाणकारांना दाखवायची.

धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या क्ष-किरण यंत्राबद्दलचं तुमचं सांगणं विशेष उपयोगी पडतं. ते वरचा पातळ थर वाचतं. जमिनीत पृष्ठभागावरचं तांबं झिरपून गेलेलं असतं, म्हणून चांदी आहे त्याहून जास्त दिसते.

तुम्ही लिहून दिलेले घनतेचे आकडे डिटेक्टरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवले आहेत: शुद्ध चांदी 10.49, 925 ला 10.36, 800 ला 10.1, तांबं 8.96, जर्मन सिल्व्हर 8.6 च्या आसपास, कथील 7.3, शिसं 11.34. कागदावर तुमच्या हातचा पाण्याचा डाग आहे, तोही तसाच ठेवला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपले ऋणी,
जमिनीत चांदी शोधणारे